आठवड्याला तीन गोळ्या

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद कोणी वाचत नाही, असं आमच्या गल्लीतला मेडिकलवाला म्हणतो. मी वाचते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि इंग्रजी अडलं तर मोबाइलवर शब्द शोधून वाचते. एकदा खोकल्याच्या औषधाचा कागद वाचला आणि पुढचे आठ दिवस नुसती खोकत बसले, औषधाचं बूच काही उघडलं नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच. मी सिद्धेश्वरी, शाळेत कारकून, वय बेचाळीस, लग्न केलेलं नाही. त्यामुळे घाबरायला मला भरपूर वेळ मिळतो, असं माझा धाकटा भाऊ शिवयोगी फोनवरून म्हणतो. पुण्यात बसून म्हणायला त्याचं काय जातंय.

या वेळचा कागद अव्वाच्या गोळ्यांचा होता. अव्वा म्हणजे माझी आई, निंगव्वा. बाळीवेशीतल्या आमच्या दोन खोल्यांत ती पंचवीस वर्षं ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकते आहे. पापडासारखी पातळ भाकरी, महिनाभर टिकते, आणि ती फक्त हातानेच थापता येते. अव्वाला सोरायसिस झाला तो आधी कोपरांवर, मग डोक्यात, आणि गेल्या वर्षी तळहातांवर. कातडी जाड झाली, भेगा पडल्या. एक दिवस परातीतल्या पिठावर लाल ठिपका दिसला. तिने तो गोळा फेकून दिला, परात घासून पालथी घातली आणि भाकऱ्या बंद केल्या. सकाळी पूजेला गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, तर रक्त लागू नये म्हणून आधी बेलाचं पान ठेवायची आणि वर लिंग. मला ते बघवत नसे.

मलमं झाली, शाम्पू झाले, कोणी सांगितलं म्हणून कडुनिंबाचा पाला झाला. शेवटी चर्मरोगाच्या डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक, मेथोट्रेक्सेटची गोळी. तिने यकृताला त्रास होऊ शकतो, रक्तातल्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून मधूनमधून रक्त तपासायचं. दुसरी, महिन्याला एक इंजेक्शन. ते जास्त गुणकारी, पण त्याने शरीराची रोगाशी लढायची ताकद थोडी उतरते, आणि अंगात कुठे टीबी झोपलेला असला तर तो उठू शकतो.

टीबी म्हटल्यावर मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. माझे वडील महादेवप्पा गिरणीत होते, मी सहावीत असताना त्यांना टीबी झाला. ते त्यातून बरे झाले आणि पुढे बऱ्याच वर्षांनी हृदयविकाराने गेले, पण तो दीड वर्षाचा खोकला अजून माझ्या कानात आहे. अव्वाच त्यांच्या उशाशी असायची. म्हणजे तिच्या अंगात तो झोपलेला असणारच, असं मी धरूनच चालले.

घरी येऊन मी शाळेच्या जुन्या वहीत दोन रकाने पाडले, गोळी आणि इंजेक्शन. गोळीच्या खाली अकरा धोके लिहिले, इंजेक्शनच्या खाली नऊ, पण त्या नवांत टीबी होता. आठवडाभर वही उघडत होते नि मिटत होते. अव्वाने एवढंच विचारलं की हात कशानं लवकर बरे होतील. मी म्हटलं, तू त्यात पडू नको, मी बघते सगळं. आणि मी गोळी ठरवली.

डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट तीनदा सांगितली. ही रोजची गोळी नाही. आठवड्यातून एकच दिवस, एकाच वेळी तीन. रोज घेतली तर जिवावर बेतेल. एक वार ठरवा आणि तो सोडू नका. आता अव्वाला अक्षरओळख नाही, आणि संध्याकाळी मी शाळेतून येईपर्यंत सात वाजतात. पण माझं डोकं अशा वेळी फार चालतं. अव्वाचा सोमवारचा उपवास चाळीस वर्षांत चुकलेला नाही. मी तिला म्हटलं, उपवास सोडलास की तीन गोळ्या घ्यायच्या. उपवास नसेल त्या दिवशी डबीला हात लावायचा नाही. तिने ते एकदा म्हणून दाखवलं. मी स्वतःवर इतकी खूश झाले की शाळेतल्या दोघीतिघींना ही युक्ती सांगितलीसुद्धा.

दीड महिन्यात हात निवळले. रक्ताचा अहवाल चांगला आला. अव्वाने परात सरळ केली आणि पुन्हा भाकऱ्या थापायला लागली. मी मात्र रोज सकाळी बॅटरी घेऊन तिचे डोळे पिवळे झालेत का बघायची, जीभ बघायची, ती दोनदा खोकली की ताप बघायला तिच्या कपाळाला हात लावायची. ती म्हणायची, मी काय बाजारातली मेथीची जुडी हाय व्हय, उलटीपालटी करून बघायला. हसायची आणि जीभ बाहेर काढायची.

मग श्रावण लागला. आदल्याच दिवशी मी गोळ्यांच्या तीन नव्या पट्ट्या आणून डबीत ठेवल्या होत्या, दोन महिन्यांच्यावर पुरतील अशा.

दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी अव्वाचं तोंड आलं. ओठाच्या आतून फोड, जिभेवर फोड. मला वाटलं, उपाशी राहून उष्णता वाढली. मी तूप लावलं, ज्येष्ठमध दिलं. वहीतल्या धोक्यांत तोंड येणं सहाव्या नंबरावर होतं, ते मला माहीत होतं. पण गेल्याच महिन्यात रक्त चांगलं आलेलं, आणि आठवड्याला तीन गोळ्यांनी एकदम इतकं कसं होईल, असं मी माझ्या मनाला समजावलं. जन्मभर नको तिथे घाबरले आणि नेमकी तेव्हाच धीट झाले. शनिवारी तिला कणकण आली. रविवारी तिने पाणीसुद्धा चमच्याने घेतलं.

रविवारी संध्याकाळी तिने दिवा लावला, माझ्यासमोर दोन घास दहीभात कसाबसा गिळला आणि डबी उघडून माझ्यापुढे धरली.

"गोळ्या संपल्या की. उद्या येताना आण."

डबी रिकामी होती. तीस गोळ्या होत्या त्यात. मी विचारलं, गोळ्या गेल्या कुठे? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही विसरले आहे. फोडांमुळे तिला नीट बोलता येत नव्हतं. थांबत थांबत म्हणाली, "श्रावण हाय की. रोज उपास सोडते न्हवं."

श्रावणात अव्वा महिनाभर दिवसा उपाशी असते. संध्याकाळी दिवा लावून एकदाच जेवते. मी जन्मल्यापासून बघते आहे. आमच्या आळीतल्या निम्म्या बायका तेच करतात. दहा दिवस झाले होते श्रावण लागून, आणि दहा दिवस तिने रोज उपवास सोडून तीन गोळ्या घेतल्या होत्या. मी सांगितलं होतं तसंच. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मी टीबी शोधत होते, कावीळ शोधत होते, आणि विष मीच माझ्या तोंडाने तिला नेमून दिलं होतं.

रिक्षात मी तिचा हात धरला होता. बोटं गरम होती. साडी जरा वर झाली तर पोटऱ्यांवर लाल-जांभळे बारीक ठिपके दिसले. रिक्षावाला सात रस्त्याच्या सिग्नलला थांबला तेव्हा मी त्याच्यावर ओरडले, सिग्नल त्याने लावला असल्यासारखी. मी मनातल्या मनात सारखा हिशेब करत होते, तीस गोळ्या म्हणजे दहा आठवड्यांच्या, दहा आठवड्यांच्या गोळ्या दहा दिवसांत.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने तिला तपासलं, रक्त घेतलं. अहवाल हातात आल्यावर त्याचा चेहरा बदलला. पांढऱ्या पेशी चार हजारांच्या वर असायला हव्यात, त्या नऊशे होत्या. कुठलाही साधा जंतू तिला पुरेसा होता. त्याने गोळीवर उतारा असलेलं इंजेक्शन लगेच सुरू करायला सांगितलं, आणि मग लिहिता लिहिता मान वर करून विचारलं, "रोज घ्यायला कोणी सांगितलं यांना?"

अव्वा पलीकडच्याच खाटेवर होती. घरी जेमतेम बोलली होती, आता तोंडही उघडता येत नव्हतं, पण डोळे उघडे होते.

मी म्हणाले, "कोणीच नाही. वय झालंय, विसरते ती."

हे वाक्य मी ठरवून बोलले नाही. ते तोंडातून कसं निघालं ते मला आजही सांगता येणार नाही. इतकंच खरं की त्या क्षणी अव्वा मरेल या भीतीपेक्षा, मी मारलं असं कोणी म्हणेल ही भीती मोठी झाली होती. स्वतःच्या आईपुढे मी अशी निघाले. डॉक्टरने मान हलवून कागदावर लिहिलं. अव्वाने माझ्याकडे पाहिलं आणि मग डोळे मिटले.

पुढचे बारा दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. मला आत जायला तोंडावर मास्क, डोक्याला टोपी. रोज सकाळी रक्ताचा आकडा यायचा. नऊशे, मग सातशे, मग सहाशे पन्नास. आकडा सांगायला नर्स दारात आली की मी आधी तिच्या हातातला कागद बघायची. शाळेचा फोन आला तरी मी दचकायची. सिद्धेश्वराला काय काय बोलले याला गणती नाही. त्यातलं एक बोलणं असं होतं की तिला वाचव, मी सगळं खरं सांगेन. सहाव्या दिवशी आकडा आठशेवर चढला, आठव्या दिवशी अठराशे झाला. देवाशी बोललेलं मी सोयीने विसरले. विसराळू कोण होतं ते बघा.

अव्वाला मात्र ते वाक्य रोज भोगावं लागलं. कागदावर लिहिलेलं असल्यामुळे नर्सा तिच्याशी मोठ्याने, लहान पोरीशी बोलावं तशा बोलायच्या. आजी, आज वार कोणता, असं रोज विचारायच्या. बोलता येत नव्हतं तर अव्वा बोटं दाखवायची, सोमवारचं एक, मंगळवारची दोन. एकदाही चुकली नाही. शिवयोगी येऊन दोन दिवस राहिला आणि निघताना तिला म्हणाला की अव्वा, लक्षात राहत नाही तर अक्काला विचारत जा, मनाने काही करू नको. मी तिथेच उभी होते, डब्याचं झाकण लावत होते. ते झाकण मी फार वेळ लावत होते.

ती घरी आली. महिनाभरात वजन थोडं भरलं, पण हात पुन्हा फुटायला लागले. या वेळी अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत. घरात ती माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. भाजी कुठली आणायची, पाणी किती वाजता येणार. सकाळी मी बॅटरी घेऊन गेले तर तिने तोंड उघडलं नाही. आता बघायला काही उरलं न्हाय, एवढंच म्हणाली.

मग आम्ही पुन्हा त्या डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. दुधाने तोंड भाजलेली मी, ताक फुंकण्याची सगळी तयारी करून गेले होते. वही होती, आता तीन रकाने होते, तिसरा अजून कोरा. पण बाईंनी फाईल उघडली आणि त्यांचं आधीच ठरलेलं दिसलं. टीबीची तपासणी त्यांनी करून घेतली होती, ती मी धरून चालले होते तशीच आली. टीबी अंगात झोपलेला आहे. तरी त्यांच्या मते आता इंजेक्शनच द्यावं. आधी टीबी दाबून ठेवायच्या गोळ्या सुरू करायच्या, त्या तीन महिने चालतील, आणि त्या सुरू करून महिना झाला की इंजेक्शन. त्या गोळ्यांनी यकृताला त्रास होऊ शकतो, आणि यकृत आत्ताच कुठे सावरतंय, हे त्यांनी लपवलं नाही.

मी विचारलं, तिसरा काही पर्याय? त्या म्हणाल्या, आहे. एक वेगळी गोळी आहे. तिने टीबी उठायची भीती फारशी नाही, रक्ताच्या पेशीही अशा उतरत नाहीत. जुलाब होतात, वजन घटतं, काहींचं मन उदास होतं, आणि गुण सावकाश येतो. "मावशींना खरं तर मी आधी तीच दिली असती. पण ती दिवसातून दोनदा घ्यायची, आणि पहिले पाचसहा दिवस रोज डोस वेगळा. यांच्या लक्षात राहत नाही असं इथे लिहिलंय. पुन्हा चूक झाली तर मला ते नकोय. इंजेक्शन इथे नर्स देईल, टीबीच्या गोळ्या तुम्ही स्वतःच्या हाताने द्या."

त्यांचं बोट फाईलमधल्या एका ओळीवर होतं. ती ओळ माझी होती. सगळं पारडं त्या ओळीने झुकलं होतं. माझ्या वहीतल्या तिन्ही रकान्यांत तो धोका कुठेच नव्हता.

संमतीचा कागद पुढे आला. शाईची डबी उघडली. अव्वाने डावा अंगठा पुढे केला. अंगठ्याला भेग होती, आणि नर्सने शाई लावायच्या आधी ती कापसाने पुसली.

सांगितलं तर बाई काय म्हणतील, शिवयोगी काय म्हणेल, अव्वा काय म्हणेल. नाही सांगितलं तर तीन महिने रोज सकाळी मी तिच्या हातावर गोळी ठेवणार, आणि ती गोळी तिला का घ्यावी लागतेय ते फक्त मला आणि तिला ठाऊक असणार. या दुसऱ्या गोष्टीची मला जास्त भीती वाटली. धैर्य वगैरे काही नव्हतं ते.

मी नर्सचा हात धरला. म्हणाले, "थांबा. ते लिहिलेलं खोटं आहे. ती विसरत नाही. उपवास सोडला की गोळ्या घे, असं मीच तिला सांगितलं होतं. श्रावणात ती रोज उपवास सोडते. माझी चूक होती, आणि मी तिच्यावर ढकलली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावतील म्हणून मी खाली बघत बसले होते, पण त्यांनी फक्त एक-दोन प्रश्न विचारले, कोणत्या दिवसापासून, किती गोळ्या. मग फाईलमधली ती ओळ खोडली, शेजारी काहीतरी लिहिलं आणि सही केली. संमतीचा कागद त्यांनी बाजूला सरकवला.

मी अव्वाकडे पाहिलं. तिचा अंगठा अजून तसाच पुढे होता. तो तिने हळूच पदरात घेतला.

"तवा तोंड फुटलं हुतं माझं," ती म्हणाली. "बोलता आलं असतं तर तवाच सांगितलं असतं."

मी म्हटलं, पण घरी आल्यावर तरी बोलायचं होतंस.

"तू कवा सांगतीस ते बघत हुते." ती थांबली. "तू सांगितलेलं मी एकबी इसरले न्हाय, सिद्धव्वा. त्यानंच मरत हुते."

मला रडू आलं. तिने मला जवळ घेतलं नाही, पाठीवर हातही फिरवला नाही. तिने खुर्ची पुढे ओढली, माझ्या आणि टेबलाच्या मध्ये येईल अशी, आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बाई, आता मला सांगा. हिला नगं. हिला भ्या लई वाटतंय, म्हणून ही मला अर्धंच सांगती. त्या तिसऱ्या गोळीचं पैलं सांगा."

बाई तिच्याकडे वळल्या आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या. दोनच वाक्यं झाली असतील, अव्वाने त्यांना थांबवलं.

"ह्यातलं काय झालं तर मी मरते आणि काय झालं तर नुसता तरास हाय, ते येगळंयेगळं करून सांगा."

एवढ्या महिन्यांत हे मी कोणालाच विचारलं नव्हतं. माझ्या वहीत कावीळ आणि केस गळणं एकाखाली एक लिहिलेलं होतं. बाई बोटांवर मोजून सांगत होत्या आणि अव्वा मान डोलवत होती. मला मध्येच दोनदा बोलावंसं वाटलं. मी ओठ दाबून बसले आणि ती काय ठरवते ते ऐकत राहिले.